माय "बरं आहे" म्हणते आणि रात्रभर जागते: हाडांत गेलेला कॅन्सर आणि घरातल्यांची कामं

भाऊ, तुमचं पत्र मोठं आहे. इतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमच्या आई ६१ वर्षांच्या. सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक (रेडिएशन) घेतले, मग रोजची गोळी सुरू राहिली. दोन वर्षांपूर्वी आजार हाडांत उतरला. आता डॉक्टर म्हणतात की पुढच्या केमोचा फारसा उपयोग होणार नाही, त्रास कमी ठेवण्याकडे लक्ष देऊ. पुण्याचा मोठा भाऊ म्हणतो दुसरं हॉस्पिटल बघू. वडील म्हणतात तिला काही सांगू नका. आत्या एका जडीबुटीवाल्याचं नाव घेऊन बसल्या आहेत. तुम्ही यावलकडे केळीच्या बागेत, बहीण शिरपूरला दिलेली, आणि सगळं आजारपण तुमच्या पत्नीच्या अंगावर. आईंना विचारलं की "बरं आहे" म्हणतात, पण रात्री कधीही उठलं तरी त्या जाग्याच असतात.

या सगळ्यात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: "आठ दिवसांपासून पाय जड वाटतात म्हणते, न्हाणीत जाताना भिंत धरते." बाकीचं वाचायच्या आधी एवढं करा. आज किंवा फार तर उद्या सकाळी त्यांना गाडीत आडवं निजवून न्या आणि पूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय करून घ्या. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून हेच शब्द सांगा. मणक्यात गाठ वाढली की आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, पाय जड होणं, मुंग्या येणं, लघवी अडकणं ही त्याची लक्षणं. माणूस चालता असताना उपचार झाले तर पुढेही बहुतेक चालता राहतो. पाय एकदा पूर्ण गेले की क्वचितच परत येतात. दाब कमी करायला स्टेरॉईडचं इंजेक्शन लगेच देता येतं आणि मग शेक देतात. तपासणीत काही निघालं नाही तर चांगलंच, पण अशा वेळी "सोमवारी बघू" म्हणायचं नसतं. अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावून घरी पाठवणारेही भेटतील, तेव्हा एमआरआयचा आग्रह तुम्हालाच धरावा लागेल.

आता दुखण्याचं. माझं बरंचसं काम जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत जाऊन होतं, आणि आपल्याकडच्या बायांचं "बरं आहे" मी कधीच तसंच्या तसं घेत नाही. एका घरी ओट्यावर मुलगा, दीर, जाऊ, शेजारी सगळे बसलेले. मी विचारलं, दुखतं का? बाई म्हणाल्या, "नाही, चांगलं आहे." मग चहाच्या निमित्ताने सगळ्यांना आत पाठवलं आणि म्हटलं, कूस कशी बदलता ते दाखवा. त्यांनी खाटेची दोरी दोन्ही हातांनी धरली, दात आवळले, श्वास रोखला आणि थोड्या थोड्या करत वळल्या. वळून झाल्यावर कपाळ घामाने भिजलेलं. मी विचारलं, दुखणं सोळा आणे धरलं तर आत्ता किती? म्हणाल्या, "चौदा." मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. मग इतके दिवस का सांगितलं नाही, तर कापसाला भाव नाही आणि परत गाडी करावी लागेल म्हणून.

तुमच्या आईही बहुधा असाच हिशेब करत असतील. म्हणून त्यांना "दुखतं का" असं विचारू नका. रात्री किती वेळा जाग येते, कुठल्या कुशीवर झोपता येत नाही, उठताना कुठे कळ येते, सोळा आण्यांतलं किती, असं विचारा, आणि एकटीला विचारा. रोज सकाळ-संध्याकाळ वहीत तो आकडा लिहा. डॉक्टरांना "खूप त्रास आहे" या वाक्यापेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग होतो.

या दुखण्याला मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोच्या गोळ्या आणि गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन पुरत नाही. उलट महिनोन्महिने घेतलं तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. याचं औषध मॉर्फिन. हे नाव काढलं की घरात सन्नाटा होतो, वडीलमंडळी म्हणतात म्हणजे संपलंच का सगळं? तसं नाही. मॉर्फिन दुखण्यासाठी देतात, शेवट जवळ आला म्हणून नाही. ते घेऊन लोक शेतावर चक्कर मारतात, लग्नाला जातात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते, आणि योग्य मात्रेत त्याने आयुष्य कमी होत नाही.

साधी गोळी दर चार तासांनी असते, आणि ती घड्याळावर द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, असं बहुतेक घरांत बसतं. पहाटे दोनला उठवावं लागू नये म्हणून झोपतानाची मात्रा कधी वाढवून देतात, ते डॉक्टर ठरवतील. मधेच कळ उसळली तर द्यायची जादा गोळी वेगळी लिहून घ्या आणि ती दिवसातून किती वेळा लागली ते वहीत टाका. तीन-चारदा लागत असेल तर नेहमीची मात्रा वाढवायची वेळ आली आहे. पहिले दोन-तीन दिवस झोप येते, मळमळतं, मग ते बसतं. बद्धकोष्ठ मात्र बसत नाही. मॉर्फिन सुरू त्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सुरूच हवं. आपल्याकडे इसबगोलवर भागवतात, पण पाणी कमी पिणाऱ्या, खाटेवरच्या माणसाला त्याने उलट अडकून बसतं. आतड्याला चालना देणारी गोळी लागते. तीन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करा. गोळी अचानक बंद करू नका. आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट कधी बिघडला तर मॉर्फिन देणाऱ्या डॉक्टरांना तो आवर्जून दाखवा, तेव्हा मात्रा बदलावी लागते.

मॉर्फिन मिळत नाही ही तक्रार खरी आहे, आणि मला याचं फार वाईट वाटतं. आपल्या हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, मॉर्फिन त्या अफूपासूनच बनतं, आणि आपल्या गावातली माय रात्रभर विव्हळते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं त्यानंतर सोपं झालं. तरी प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी ठेवणाऱ्या उपचारांचा, वेगळा विभाग आहे. तुमची फाईल मुंबईची आहे, तेव्हा तिथल्या अशा विभागाची चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष कुठे बसतो ते विचारा. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढच्या आणायच्या, हे काम घरातल्या एकाच माणसाच्या नावावर असू द्या.

हाडाच्या दुखण्यावर शेकही चांगला चालतो. दुखणाऱ्या एका जागेसाठी बहुतेक वेळा एकच बैठक पुरते, दहा-दहा दिवस मुक्काम करावा लागत नाही, आणि त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असंही नाही, नाशिकलाही सोय आहे. गुण यायला एक ते तीन आठवडे लागतात. तुम्ही लिहिलंय की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येणार आणि आईंना तिच्यासोबत बसून जेवायचंय. मग शेकाचं त्या हिशेबाने आत्ताच विचारा. हाडं मजबूत ठेवायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असेल तर गावातल्या दातवाल्याकडे दाढ काढू नका, जबड्याचं हाड उघडं पडून चिघळू शकतं. मिसरी लावणाऱ्या आपल्या बायांचे दात आधीच खराब असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरात कुणी सुस्तावलं की आपण म्हणतो ऊन लागलं. हाडांत कॅन्सर असलेल्या माणसाला खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, ग्लानी आणि असंबद्ध बोलणं सुरू झालं तर रक्तातलं कॅल्शियम तपासा. ते वाढलेलं असतं तेव्हा उपचाराने दोन-चार दिवसांत माणूस पुन्हा नीट बोलायला लागतो. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सुजत असेल तर त्या हातातल्या घट्ट बांगड्या आधी काढा, काटा-सुरी लागू देऊ नका. हात लाल आणि गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

"तिला सांगू नका" याबद्दल. तुमच्या वडिलांचं प्रेम मला दिसतं. चाळीस वर्षं जिच्यासोबत काढली तिच्या डोळ्यांत बघून हे बोलायचं कसं, या भीतीने ते तसं म्हणतात. पण सहा वर्षं टाटाच्या रांगेत बसलेल्या बाईला आपल्याला काय झालंय हे कळत नाही असं धरून चालू नका. त्यांनी शेजारच्या बाकावरच्या बाया बघितल्या आहेत. कोण पुढच्या तारखेला आली आणि कोण आली नाही, हे त्यांनी मोजलेलं असतं. तुम्ही लपवता, त्या माहीत नसल्याचं दाखवतात, आणि त्यांच्या मनात जे बोलायचं आहे ते कुणाशीच बोलता येत नाही. दागिने कुणाला, नातीच्या नावावर काय, कुणाचं मन दुखावलंय, कुठे मरायचंय, हे सगळं आत राहतं.

एकदम सगळं सांगून टाका असंही मी म्हणत नाही. आधी विचारा. संध्याकाळी पाय चेपायला बसा आणि म्हणा, "माय, तुला काय वाटतं, दुखणं कुठवर आलंय?" मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, आपल्याला लगेच "काही नाही, बरी होशील" म्हणावंसं वाटतं. त्या म्हणतील, "मला माहीत आहे." किंवा म्हणतील, "जाऊ दे, ते तुम्ही बघा." दोन्ही उत्तरं चालतात. दुसरं आलं तर विचारा, "डॉक्टर काय म्हणतात ते तुला सांगू का दादांना सांगू?" त्यांनी सांगा म्हटलं तर साध्या शब्दांत: "आजार हाडांत आहे, पूर्ण जाणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पण दुखू देणार नाहीत, आणि आम्ही इथेच आहोत." खोटी तारीख देऊ नका, महिने सांगू नका. डॉक्टरांनाही नेमके सांगता येत नाहीत, आणि हार्मोनवर चालणारा स्तनाचा कॅन्सर हाडांत गेल्यावरही वर्षानुवर्षं जगलेल्या बाया मी बघितल्या आहेत. वडिलांना आधी वेगळं बसवून सांगा की लपवण्याने ती एकटी पडते. ऐकत नसतील तर डॉक्टरांसमोर न्या आणि आईंनाच विचारू द्या.

दुसरं हॉस्पिटल बघायला माझी हरकत नाही, एकदाच आणि पूर्ण फाईल घेऊन. सुरुवातीची बायोप्सी, ईआर, पीआर, हर-टूचे (गाठ कोणत्या प्रकारची ते सांगणारे) रिपोर्ट, आतापर्यंत दिलेली औषधं तारखांसह, ताजं स्कॅन. आईंना न्यायची गरज नाही, पुण्याच्या भावाने फाईल घेऊन जावं. तिथे विचारायचं ते हे: या उपचाराने आयुष्य वाढेल का आराम मिळेल, किती फेऱ्या, त्रास काय, आणि नाही घेतला तर काय होईल. उत्तर गोलमोल आलं आणि बिलाचा आकडा मात्र स्पष्ट आला, तर परत या. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते, शेत विकू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून कोणता उपचार बसतो ते भरती व्हायच्या आधी विचारा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, हे तुम्हाला एव्हाना माहीत असेलच.

जडीबुटीवरून आत्यांशी भांडू नका, त्यांनाही काहीतरी करायचंय. मात्र भस्म आणि बिननावाच्या पुड्या देऊ नका, त्यात जड धातू निघतात. आणि "आधी इंग्रजी औषध बंद करा" म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

आता तुमच्या पत्नीबद्दल. पत्रात त्यांच्यावर दीड ओळ आहे, "ती सगळं करते, कधी बोलत नाही." न बोलणारी दोन माणसं झाली तुमच्या घरात. पहाटे पाणी भरणं, मुलांचे डबे, सासूबाईंची आंघोळ, गोळ्या, चादरी, भेटायला येणाऱ्यांचा चहा, रात्रीचं उठणं. वर्षानुवर्षं हे एकाच बाईने केलं की तिची पाठ जाते, चिडचिड होते, आणि मग "सून नीट बघत नाही" असंही कुणीतरी म्हणून जातं. घरी बसून कामं नावानिशी वाटा. भावाला "मदत कर" म्हणू नका. औषधं आणणं, हॉस्पिटलचे फोन आणि दर महिन्याला ठरलेला एक आठवडा घरी येऊन रात्रीची ड्यूटी, असं सांगा. त्या आठवड्यात तुमच्या पत्नीने माहेरी जायचं, फोन बंद ठेवून झोपायचं. वडिलांकडे मॉर्फिनचं घड्याळ आणि वही द्या. गप्प बसून कुढणाऱ्या बापाच्या हाती काम आलं की तोही सावरतो. संध्याकाळी सहा ते दहा तुम्ही. बागेला पाणी द्यायला रात्री लाइट येते हे मला माहीत आहे, त्या रात्री कोण, तेही लिहा.

अंग पुसणं आणि कपडे बदलणं कुणी करावं हे आईंनाच विचारा. छातीवरचा व्रण आपल्या लेकीशिवाय कुणी बघू नये असं खूप बायांना वाटतं आणि त्या सुनेसमोर आंघोळच टाळतात. कदाचित त्या म्हणतील, सूनच बरी. हेही विचारल्याशिवाय कळत नाही.

जेवणाची बळजबरी नको. भूक आजाराने मरते. "दोन घास खा" म्हणून मागे लागलं की ताटाकडे बघूनच त्यांना ओकारी येते. पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, वाटीभर, दोन-दोन तासांनी, जे मागतील ते. तोंड कोरडं पडतं तेव्हा ओल्या फडक्याने पुसा. भेटायला येणाऱ्यांसाठी अर्धा तास ठरवा, आणि "अजून किती दिवस" असं त्यांच्या उशाशी बसून विचारणाऱ्याला हात धरून ओट्यावर आणा.

शेवटी घरी ठेवायचं का, असं तुम्ही घाबरत विचारलंय. त्यांनीच "मले घर लई चाल" (मला घरी घेऊन चल) म्हटलं असेल, तर घरी ठेवता येतं आणि चांगलं ठेवता येतं. झोप वाढत जाईल, गिळणं थांबेल, श्वास मधे मधे थांबेल, घशात घरघर होईल. ती घरघर ऐकणाऱ्याला जेवढी छळते तेवढी त्यांना जाणवत नसते. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर ठेवा. तेव्हा सलाईनने शक्ती येत नाही, बहुधा सूज आणि कफ वाढतो. गोळी गिळता येत नसेल तर औषध त्वचेखाली छोट्या सुईने देता येतं, त्याची सोय आधीच करून ठेवा. गावातल्या किंवा जवळच्या ज्या डॉक्टरांवर विश्वास आहे त्यांना आत्तापासून फाईल दाखवा, महिन्यातून एकदा घरी बोलवा. म्हणजे मध्यरात्री घाबरून ॲम्ब्युलन्समधून जळगावच्या आयसीयूत धाव घ्यावी लागणार नाही, आणि नंतरचा दाखलाही तेच देतील. ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या गावात कुणालाही देऊ नका, कितीही मागितल्या तरी. जिथून आणल्या तिथे चिठ्ठीसकट परत करा.

एमआरआयचं काय निघालं ते कळवा. सोबत सोळा आण्यांच्या वहीचं पान, शौचाचे दिवस आणि मूत्रपिंडाचा शेवटचा रिपोर्ट पाठवा, म्हणजे मात्रेबद्दल तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते नेमकं सांगता येईल.